सही नसलेलं पत्रक

"आधी वाचून दाखव."

प्रेसमध्ये पाऊल टाकलं की कॉम्रेडचं पहिलं वाक्य हेच. कसा आहेस नाही, काय चाललंय नाही. खुर्ची रिकामी असली तरी ते तिच्यावर बसत नसत. कोपऱ्यात कागदाची रिमं रचलेली असत, त्यांच्यावर मांडी ठोकायचे, हातानं लिहिलेला कागद माझ्यापुढे धरायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. मी म्हणायचो, "कॉम्रेड, मजकूर तुमचा, अक्षर तुमचं, आन् वाचू मी?" ते डोळे न उघडता म्हणत, "माह्या तोंडून मले सारं चांगलंच वाटते. तू वाच."

मी वाचायचो. जिथे अडखळलो तिथे त्यांचं बोट वर व्हायचं. ते वाक्य गेलंच म्हणून समजा. कधी कधी तर अर्धं पत्रक असं कापलं जायचं आणि मी वैतागायचो, कारण मला संध्याकाळच्या आत लग्नपत्रिकाही छापायच्या असत. पण त्यांचं एक पक्कं होतं. त्यांची पत्रकं ज्यांच्यासाठी असत ते कापसाच्या जिनिंग कारखान्यातले हमाल, सरकी वाहणाऱ्या बाया. त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकावर कोणीतरी बैलबंडीवर चढून पत्रक मोठ्यानं वाचायचं आणि बाकीचे भाकर खाता खाता ऐकायचे. "घास थांबला म्हंजे मी चुकलो," कॉम्रेड म्हणत. "खाता खाता समजलं पायजे."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. पाटबंधारे खात्यातली पक्की नोकरी सोडून हा माणूस लाल झेंड्याखाली जाऊन उभा राहिला. बायको शाळेत शिकवायची म्हणून चूल पेटायची. अंगावर एकच खादीचा सदरा, त्याच्या खिशाला शाईचा डाग, आणि डोक्यावर कायम कापसाचा एखादा पुंजका. आमच्या वर्ध्यात त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. सगळ्यांचे ते कॉम्रेडच. पुढे त्यांनी पक्ष सोडला, पक्षाविरुद्ध लिहिलं, भाषणं केली, जुन्या सोबत्यांशी बोलचाल तुटली, पण ते नाव काही सुटलं नाही. पानटपरीवाला म्हणायचा, "या कॉम्रेड." ते म्हणायचे, "कॉम्रेड म्हनू नको बे मले." तो म्हणायचा, "बरं, कॉम्रेड." आम्ही हसायचो. तेही हसायचे, पण ते हसणं मला कधी आवडलं नाही.

नत्थूजीशिवाय हे सगळं कळणार नाही. नत्थूजी मूळचा आंजी मोठी या गावचा, जिनिंगमध्ये गाठी वाहणारा हमाल. कॉम्रेडचा उजवा हात म्हणा, पण खरं तर तो त्यांचा कान होता. पत्रक माझ्याकडे येण्याआधी नत्थूजीला ऐकवलं जायचं. त्याला अक्षरओळख नव्हती. ऐकताना तो मान डोलवत असला तर ठीक. त्यानं डोकं खाजवलं की कॉम्रेड ती ओळ खोडायचे. दोघं एका सायकलवर यायचे, नत्थूजी चालवायचा आणि कॉम्रेड मागे कॅरिअरवर पाय लोंबकळत. "तुमी लिहिता, आन् शिकवतो मी," नत्थूजी मला डोळा मारून म्हणायचा. आणि कॉम्रेड गंभीरपणे म्हणायचे, "खरं हाय ते." दहा वर्षं हे असं चाललं.

मग तो संप झाला. हंगाम भरात होता, बाहेर कापसाच्या बंड्यांची रांग लागलेली, आणि कारखाना बंद. दोन आठवडे माणसं तगली. तिसऱ्या आठवड्यात घरोघरी पीठ संपायला लागलं आणि चेहरे बदलले. त्यात कोणीतरी बातमी आणली की नत्थूजी भल्या सकाळी मालकाच्या बंगल्यात गेला होता आणि मालकाच्याच जीपमध्ये बसून निघून गेला. त्यानंतर तीन दिवस तो फाटकावरच्या धरण्यावर आला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी कॉम्रेड प्रेसमध्ये आले. रिमांवर बसले नाहीत. कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आज संध्याकाळी पायजे." वाचून दाखव म्हणाले नाहीत. मीच मनात वाचलं. "जो मालकाच्या जीपमध्ये बसून आपल्या लेकरांच्या भाकरीचा सौदा करतो, त्याच्या दारचं पाणी पिऊ नका. त्याला रामराम घालू नका, जयभीम म्हणू नका. तो समोरून आला तर रस्ता बदला." त्यात नत्थूजीचं नाव होतं. खाली सही नव्हती, नुसतं 'कामगार समिती'. अक्षर मात्र मी डोळे मिटूनही ओळखलं असतं.

"कॉम्रेड, हा आपला नत्थूजी?" मी विचारलं.

"छाप," ते म्हणाले.

मी छापलं. माझं काय, मी प्रेसवाला, गिऱ्हाईक आणेल ते छापायचं, अशी मी माझी समजूत घातली. संध्याकाळी गठ्ठा तयार होता.

संप पुढच्याच आठवड्यात मोडला. मोडणारच होता. पण लोकांना मोडण्याचं कारण हवं असतं, ते पत्रकानं आयतं दिलं. नत्थूजीच्या घरावरून जाताना माणसं खरोखर रस्ता बदलायला लागली. त्याचं सांगणं कोणी ऐकून घेईना, नळावर त्याची घागर कोणी पुढे सरकू देईना. महिन्याभरात त्यानं झोपडी मोडली आणि बायको, तान्ही पोर घेऊन आंजीला निघून गेला, दुसऱ्याच्या शेतावर रोजानं राबायला.

खरी गोष्ट बाहेर आली ती सहा महिन्यांनी. मालकाच्या जीपचा ड्रायव्हर नोकरी सोडून गेला आणि जाता जाता चहाच्या टपरीवर बोलला. त्या सकाळी नत्थूजीची बायको गुंफाबाई अडली होती. सुईणीनं हात टेकले. त्या भागात गाडी एकच, मालकाची. नत्थूजी बंगल्यावर जाऊन पाया पडला. मालकिणीनं जीप काढायला लावली. बायको दवाखान्यात, पोरीचा जन्म तिथेच झाला, आणि तीन दिवस तो तिच्या उशाशी बसून होता. झालं ते एवढंच.

कॉम्रेड हे घेऊन पक्षाच्या बैठकीत गेले. म्हणाले, आपण चुकलो, चार ओळींचं पत्रक काढा, शब्द मागे घ्या. तिथले मोठे म्हणाले, आत्ता हे काढलं तर मालकाला फावेल, लोकांचा आपल्यावरचा विश्वास उडेल, थोडं थांबा. ती माणसंही वाईट नव्हती. त्यांच्यापैकी एकाच्या पायात मी धड चप्पल कधी पाहिली नाही. पण ते थांबा म्हणाले, आणि वर्ष गेलं. मग कॉम्रेडनी राजीनामा दिला.

त्यानंतरचे कॉम्रेड म्हणजे एक पेटलेला माणूस. कुठून कुठून पुस्तकं मागवायचे. दूरदेशी पक्षानं आपल्याच माणसांचं काय केलं, कोणाला कसं खोटं ठरवलं, कोणाची नावं कशी पुसली, हे सगळं त्यांनी वाचून काढलं आणि पत्रकांमागून पत्रकं लिहिली. पुढे पुस्तिका. मी शिशाचे खिळे जुळवणं सोडून कॉम्प्युटरवर आलो तरी ते रिमांवरच बसत आणि म्हणत, "आधी वाचून दाखव." जुने सोबती त्यांना फितूर म्हणू लागले. एकदा कोणी त्यांच्या दारावर तो शब्द चुन्यानं लिहून ठेवला. बायको पुसायला निघाली तर म्हणाले, "राहू दे. मले तेवढाच लागला. नत्थूजीले जास्त लागला असन."

दुसऱ्या बाजूच्या लोकांना तर ते हवेच होते. मोठ्या मंडळींच्या एका कार्यक्रमात त्यांना बोलावलं, शाल दिली, समोर व्यापारी बसलेले. कॉम्रेडनी पक्षाचे वाभाडे काढले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसऱ्या दिवशी ती शाल घेऊन ते प्रेसमध्ये आले आणि मशीन पुसायला देऊन टाकली. "ज्यायनं मजुराले कवा पुरी रोजी देल्ली नाई, ते टाळ्या वाजवून राह्यले होते," म्हणाले. "मी बोलत होतो नत्थूजीबद्दल, आन् त्यायले मजा येत होती." पुन्हा ते तिकडे गेले नाहीत. म्हणजे इकडचे तोडले आणि तिकडचे जोडले नाहीत. वर्ध्यासारख्या गावात असं राहणं सोपं नाही. चौकातून जाताना दोन्हीकडची माणसं त्यांना टाळायची आणि हे आपले मधून चालायचे, पिशवीत पुस्तिका घेऊन.

प्रत्येक पुस्तिकेत नत्थूजी असायचा. "पक्षाने एका निरपराध कामगाराला बदनाम केले." "पक्षाने आपल्याच माणसाचे पाणी तोडले." कधी असं, कधी तसं, पण पक्षाने. मी मोठ्यानं वाचायचो आणि त्या ओळीशी आलो की माझा आवाज आपोआप हळू व्हायचा. मी मान वर करून बघायचो. एरवी मिटलेले असणारे त्यांचे डोळे त्या वेळी उघडे असत, छताच्या पंख्याकडे लागलेले. मग मी पुढे वाचायचो. वर्षानुवर्षं आम्ही दोघांनी हे केलं. समितीबाहेर आम्हा दोघांनाच ठाऊक होतं की ते पत्रक कोणी लिहिलं, असं आम्ही समजत होतो, आणि दोघंही गप्प. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा. पण बोलायची हिंमत मला झाली नाही, हे आता कबूल करतो.

एकदाच मी विचारलं होतं, "आंजीले जाऊन काऊन येत नाई?" तेव्हा नत्थूजी जिवंत होता. कॉम्रेड म्हणाले, "पक्षानं लेखी परत घेऊ दे, मंग जातो. रिकाम्या हातानं कसा जाऊ?" आंजीला गेल्याच्या सातव्या वर्षी नत्थूजी वारला. शेतात काम करता करता छातीत कळ आली म्हणे. ती बातमी मीच त्यांना सांगितली. ते रिमांवरून उठले, पिशवी घेतली आणि निघून गेले. पंधरा दिवसांनी नवी पुस्तिका घेऊन आले, आधीपेक्षा जहाल.

असं आणखी किती चाललं असतं कोण जाणे. पण दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन बिघडलं आणि नजर निम्मी झाली. एके सकाळी काठी टेकत प्रेसमध्ये आले, एकच कागद घेऊन. अक्षर वाकडंतिकडं, ओळी एकमेकींवर चढलेल्या.

"आधी वाचून दाखव."

मी वाचायला सुरुवात केली. "नत्थूजीवरचं पत्रक मी लिहिलं. समितीने लिहा म्हटलं, पण शब्द माझे. विचारपूस न करता लिहिलं. तो खरं सांगायला समितीच्या कचेरीच्या दारात आला तेव्हा मी आत होतो. मी बाहेर आलो नाही." शेवटच्या दोन वाक्यांतलं मला ठाऊक नव्हतं. तिथे मी अडखळलो. ते म्हणाले, "अडखळला कायले? वाक्य चुकलं का?"

"नाई कॉम्रेड. बरोबर हाय."

"मंग छाप. एकच प्रत काढ. आन् दुकान बंद करून माह्यासंगं चाल. गुंफाबाईले वाचून दाखवाचं हाय, मले दिसत नाई."

आम्ही आंजीची गाडी धरली. गुंफाबाईचं घर गावाच्या टोकाला, दोन खोल्यांचं, अंगणात तूर वाळत घातलेली. बाई साठीच्या पुढची, हात मातीनं भरलेले. कॉम्रेडना तिनं लगेच ओळखलं. "या भाऊ," म्हणाली, जणू ते परवाच येऊन गेले होते. हे वर्ध्याचे प्रेसवाले, असं त्यांनी माझ्याबद्दल सांगितलं. तिनं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि तांब्याभर पाणी आणून ठेवलं. त्या दारचं पाणी. कॉम्रेडनी तांब्या दोन्ही हातांत धरला. मग प्याले.

मी कागद काढून वाचायला लागलो. पहिलं वाक्य संपलं तसा तिनं हात वर केला.

"भाऊ, हे कायले वाचून राह्यले? तुमाले बोलता येत नाई का?"

"येते," कॉम्रेड म्हणाले.

"मंग तुमी बोला."

मी कागद घडी करून ठेवला. हजारोंच्या सभा गाजवलेला माणूस, पण त्या अंगणात कॉम्रेडनी काठी दोनदा खाली ठेवली आणि दोनदा उचलली. शेवटी म्हणाले, "गुंफाबाई, ते पत्रक म्या लिहलं. पक्षानं नाई. म्या."

"मालूम हाय," ती म्हणाली.

"कवापासून?"

"पह्यल्या दिवसापासून. मले दवाखान्यातून घरी आनलं आन् ते तसेच फाटकावर गेले, तं लोकायनं त्यायच्यासमोर पुन्हा वाचलं. ते उभे राहून ऐकत होते. घरी येऊन मले म्हने, गुंफे, हे आपल्या भाऊचं बोलनं हाय. असं दुसऱ्या कोनाले जमतच नाई."

कॉम्रेडनी मान खाली घातली. नाव लपवलं होतं, पण दहा वर्षं ज्या माणसाच्या कानाला लावून वाक्यं घासली, त्याला आपला आवाज ओळखू येईल हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्या तरी कुठे आलं होतं?

"रागावला असन," कॉम्रेड म्हणाले.

"रागावले तं. दोन दिवस जेवले नाई. मंग म्हने, येईन तो. त्याले खरं समजलं का येईनच. आंजीले आलो तवापासून वर्ध्याची पाच वाजताची गाडी आली का ते रस्त्यावर जाऊन उभे राहत. मी म्हनो, चला आता घरात. ते म्हने, थांब, सारे उतरू दे."

कॉम्रेड रडले. आवाज न करता, म्हाताऱ्या माणसासारखे, नाक पुसत. गुंफाबाई उठली आणि चहा टाकायला आत गेली. तिनं त्यांची समजूत घातली नाही, आणि दोषही दिला नाही. चहा पिऊन आम्ही निघालो.

परतीच्या गाडीत ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "पक्ष चुकला, हे मी आजबी म्हनतो. मरेपर्यंत म्हनीन. पन इतके वर्सं मी त्याच्याच आड लपून होतो." आणि थोड्या वेळानं, "सात वर्सं. रोज. काई शंभर कोसांवर नाई, इथंच तं होता तो."

त्यानंतर त्यांनी काही लिहिलं नाही. प्रेसमध्ये येणंही थांबलं. मी जायचो अधूनमधून. महिन्यातून एकदा ते आंजीला जात, गुंफाबाईच्या अंगणात तासभर बसत आणि परत येत, असं त्यांच्या बायकोनं सांगितलं. काय बोलता, असं मी विचारलं तर म्हणाले, "ती नत्थूजीचं सांगते. मी ऐकतो."

या हिवाळ्यात ते गेले. पहाटे झोपेतच. अंगणात माणसं थोडी होती. जुने सोबती आले, फाटकाशी हात जोडून उभे राहिले. त्यांच्यातला तो चप्पल नसलेला म्हातारा एकटा आत आला, पायांशी बसला आणि उठताना त्याला दोघांनी धरावं लागलं. झेंडा नव्हता, घोषणा नव्हत्या. कोणी भाषण केलं नाही. एवढं बोललेल्या माणसाची अंत्ययात्रा इतकी मुकाट निघेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

गुंफाबाई दुपारच्या गाडीनं आली. कॉम्रेडच्या बायकोजवळ जाऊन बसली, तिचा हात हातात घेऊन. कोणीतरी विचारलं, या कोण? कॉम्रेडची बायको म्हणाली, "आमच्या घरच्याच."

सगळं आटोपून परत आल्यावर गुंफाबाई मला म्हणाली, मले स्टँडवर सोडून द्या. आम्ही चालत निघालो. माझ्या प्रेससमोर आल्यावर ती थांबली आणि पाटीकडे बघत राहिली.

"त्या पत्रकाच्या खाली तुमच्या प्रेसचं नाव होतं," ती म्हणाली. "आमी वाचून घेतलं होतं कोनाकडून."

"हो," मी म्हणालो.

"म्हंजे कोनं लिहलं ते तुमाले मालूम होतं. आन् जीपचं खरं समजलं तवाबी तुमी इथंच होते."

"हो."

"मंग तुमी काऊन नाई आले?"

आंजीची गाडी रोज माझ्या दारावरून जाते. त्या सात वर्षांतही जात होती, मी दुकानात बसून ती बघत होतो.

"पोरीचे बाबा शेवटी शेवटी म्हनत," गुंफाबाई म्हणाली, "भाऊचं काही असन मनात, त्याले जड जात असन. छापनारा तरी येईन."

"चुकलं बाई," मी म्हणालो.

ती म्हणाली, "हो."